गावच्या शाहिराची कारकीर्द कशी नोंदवावी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत असे कितीतरी शाहीर होऊन गेले, ज्यांचे नाव तालुक्याबाहेर फारसे कोणी घेत नाही, पण ज्यांच्या लावण्या आणि पोवाडे पाच-दहा गावांतल्या जुन्या माणसांना अजून तोंडपाठ आहेत. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि पसरणीचे शाहीर साबळे यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. स्वतः रचून स्वतः गाणाऱ्या बाकीच्यांची नोंद त्यांच्या गावालाच करावी लागणार आहे. ती गाण्यांपासून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. गौरवाची विशेषणे कोणाच्याही चरित्राला चालतात. कोणते गाणे कोणत्या साली, कोणत्या यात्रेत प्रथम म्हटले गेले, हे मात्र त्या एकाच शाहिराचे असते.

प्रथम घरच्यांकडून बाडे, म्हणजे गाण्यांच्या हस्तलिखित वह्या, पाहायला मागावीत आणि ती घराबाहेर न नेता, तिथेच उजेडात, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. गाण्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेला हिशेब हमखास सापडतो: कार्यक्रमाची सुपारी किती ठरली, आगाऊ इसार किती मिळाला, गाडीभाडे किती गेले, कोणत्या झीलकऱ्याला (मागे सूर धरणाऱ्या साथीदाराला) काय दिले. हे पान गाण्याइतकेच मोलाचे समजावे, कारण गावाचे नाव आणि तारीख बहुधा तिथेच मिळते. नक्कल उतरवताना ‘व्हता’, ‘आनी’ अशी रूपे आहेत तशीच ठेवावीत. शुद्धलेखन सुधारले की शाहिराची बोली जाते आणि पुष्कळदा यमकही मोडते.

तारीख नसेल, तर कागदावरचा पत्ता मदतीला येतो. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून वाळवा तालुक्यातल्या एखाद्या जाहिरातीवर ‘जि. दक्षिण सातारा’ असे छापलेले असेल, तर ती साधारण त्या अकरा वर्षांतली मानता येते. गाण्यातले उल्लेखही पाहावेत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप किंवा १९७२ चा दुष्काळ गाण्यात आला असेल, तर रचना त्याआधीची नाही, एवढे नक्की ठरते. ती नेमकी त्याच वर्षीची आहे, असे मात्र लगेच लिहू नये.

गाणे नेमके कोणी रचले याची खातरजमा हे सर्वांत नाजूक काम आहे. शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा, म्हणजे तिथे गुंफलेले रचनाकाराचे नाव, हा चांगला पुरावा असला तरी तो पुरेसा नाही, कारण कलगी-तुऱ्याच्या (शाहिरांच्या दोन पक्षांतल्या सवाल-जवाबाच्या) परंपरेत शिष्य आपल्या रचनेत गुरूचे नाव घालतो आणि एका फडातले (तमाशाच्या संचातले) गाणे दुसऱ्या फडात गेले की नावही कधी कधी बदलते. त्यामुळे प्रत्येक गाण्यापुढे शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि गायले कोणी, असे तीन रकाने ठेवावेत. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत शाहीर साबळे यांच्या आवाजाने घरोघरी पोहोचले, पण त्याचे शब्द राजा बढे यांचे आणि संगीत श्रीनिवास खळे यांचे आहे. इतक्या प्रसिद्ध गाण्याच्या बाबतीतही लोकांची गल्लत होते, मग गावातल्या एखाद्या छकडीचे (छोट्या लावणीचे) काय सांगावे!

मुलाखतीला जाताना जुन्या झीलकऱ्याच्या हाती आधी तुणतुणे द्यावे आणि त्याला धृपद धरू द्यावे, कारण चाल सुरू झाली की नुसत्या प्रश्नाने न आठवलेले कडवे आपसूक येते. त्यानंतरच विचारावे, “आण्णा, ही चाल पहिल्यांदा कुठल्या यात्रेत लावली?” उत्तर तिथीत मिळेल, सालात नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या पालीच्या खंडोबाची यात्रा पौषात भरते आणि पौष डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतो, म्हणून जुने पंचांग पाहिल्याशिवाय इसवी सन लिहू नये. शाहीर आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर गायले असतील, तर घरात कराराचे पत्र शोधावे. त्यावर ध्वनिमुद्रणाची तारीख असते.

कॅसेट सापडली, तर ती लगेच वाजवू नये. फितीमागचा फेल्टचा बारीक तुकडा निखळला असेल, तर आवाज दबलेला आणि लहरता येतो. अशा वेळी फीत दुसऱ्या, स्क्रूच्या डबीत बसवून घ्यावी, बुरशी दिसल्यास ती जाणकाराकडे द्यावी. चांगली फीत एकदा पुढे-मागे गुंडाळून मग वाजवावी आणि २४ बिटच्या वेव्ह (WAV) फाइलमध्ये उतरवावी. खरखर काढलेली प्रत वेगळी करावी, मूळ फाइलला हात लावू नये.

काही प्रसिद्ध करण्यापूर्वी वारसांची लेखी संमती घ्यावी, कारण रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि तिच्या ध्वनिमुद्रणावर दुसऱ्या कोणाचा स्वतंत्र हक्क असू शकतो. तयार झालेल्या नोंदीची एक प्रत घरच्यांना, एक गावच्या वाचनालयाला आणि एक जिल्ह्याच्या ठिकाणच्या नगर वाचनालयाला द्यावी, आणि प्रत्येक प्रतीत शेवटी काही कोरी पाने ठेवावीत, म्हणजे पुढे सापडलेली कडवी तिथे लिहिता येतील.