फोर्कलिफ्टचे टायर आणि नटांची दोन वर्तुळे

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फोर्कलिफ्टच्या देखभालीला लागणाऱ्या नवोदितांना मास्ट (काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा), काउंटरवेट (मागचे तोलाचे वजन) आणि मागच्या चाकांचे स्टिअरिंग ठाऊक असते. माझी खरी दमछाक झाली ती टायरपाशी. गोदामातील रीच ट्रकची (अरुंद जागेत चालणारा फोर्कलिफ्टचा प्रकार) पॉलियुरेथेनची चाके लहान असूनही मोठा भार पेलतात, पण ओल्या फरशीवर घसरतात. कुशन टायर (धातूच्या पट्ट्यावर बसवलेले भरीव रबर) सपाट फरशीसाठीच असतात. फौंड्रीच्या (धातू ओतकामाच्या कारखान्याच्या) आवारात वाळू आणि धारदार लोखंडी तुकडे असल्यामुळे पंक्चर न होणारे भरीव टायर सोयीचे पडतात. त्यांची नक्षी हवेच्या टायरसारखीच दिसते, म्हणून आधी हवा भरायचा व्हॉल्व्ह शोधावा.

हवेच्या टायरची रिम (टायर जिच्यावर बसतो ती धातूची कडी) बहुधा दोन भागांची असते आणि अशा चाकावर नटांची दोन वर्तुळे दिसतात. एका वर्तुळातील नट चाक आसाच्या टोकाच्या हबला धरून ठेवतात, तर दुसऱ्यातील नट रिमचे दोन भाग एकत्र आवळतात. कारच्या टायरमध्ये साधारण 32 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा असते. येथे ती 100 पीएसआयहून अधिक असू शकते. टायर भरलेला असताना दुसऱ्या वर्तुळाला पाना लावला, तर रिम फाकून जीव जाऊ शकतो. कोणते वर्तुळ कशाचे, हे कळल्यासारखे वाटले तरी एकही नट सैल करण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडावी. शेजारी-शेजारी बसवलेली जोडचाके असतील तर दोन्हींची. अडकलेला नट सुटावा म्हणून रिमला गॅसची ज्योत लावणे तितकेच घातक आहे, कारण तापलेल्या रबरातून निघणाऱ्या वायूंनी हवा सोडलेला टायरही फुटू शकतो.

‘हवा सोडण्यात वेळ जातो’ असे सांगणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला, तरी त्याच्याकडून हे काम शिकू नये, असे माझे ठाम मत आहे. घाबरण्याचे मात्र कारण नाही. हा क्रम हाताला लवकर बसतो. टायर पुन्हा भरताना तो लोखंडी पिंजऱ्यात ठेवून बाजूला उभे राहावे. हवेच्या टायरऐवजी भरीव टायर बसवायचे ठरले, तर उत्पादकाची संमती घ्यावी, कारण टायरचा प्रकार बदलला की गाडीची स्थिरता आणि क्षमतेच्या पाटीवरील आकडेही बदलू शकतात.