व्हीली शिकणाऱ्या मुलासाठी सायकल घेताना

पोरगं वाढतंय म्हणून आपण एक माप मोठी सायकल घेतो. व्हीलीसाठी, म्हणजे पुढचं चाक हवेत उचलून फक्त मागच्या चाकावर सायकल चालवण्यासाठी, नेमकी तीच नडते, पुढचं चाक उचलतच नाही.

१. मुलाला सायकलवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं करा. पावलं जमिनीवर सपाट टेकून मधल्या दांडीवर दोन-तीन इंच मोकळी जागा हवी. दोन मापांत अडलात तर लहान घ्या.

२. पुढे स्वस्तातलं सस्पेन्शन (दचके शोषणारी स्प्रिंग) नको, साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) घ्या. वजन बरंच कमी होतं. २६ इंची चाक चालेल. गिअर नसले तरी बिघडत नाही.

३. सगळ्यात महत्त्वाचा मागचा ब्रेक. दुकानातच मागचं चाक उचलून जोरात फिरवा आणि मुलालाच एका बोटाने ब्रेक दाबू द्या. चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे. मागे कलंडायला लागल्यावर तोच पुढचं चाक खाली आणतो. आपल्या नवी मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत केबल गंजते, म्हणून पावसाळ्यानंतर ती बदलाच.

हेल्मेट हवंच. सराव सोसायटीच्या मोकळ्या मैदानात, पाम बीच रोडवर अजिबात नाही.