गिट्टी-मुरूमाची खदान संपली, आता जमीन परत कशी आणायची

नागपूरच्या पश्चिमेला काळा दगड भरपूर, म्हणून खदानीही भरपूर, अन् काम संपलं की मालक खड्डा तसाच सोडून देते. पण भाऊ, खरं काम खोदायच्या आधीच सुरू होते. वरची काळी माती पहिले सोलून बाजूला ठेवा, ढीग दोन-अडीच मीटरच्या वर नेऊ नका, त्यावर बोरू म्हणजे ताग पेरून द्या, नाहीतर पहिल्याच पावसात अर्धी नाल्यात जाते. मुरूमात मिसळली तर संपलंच. धुळीसाठी रस्त्यावर टँकरनं पाणी मारा, ट्रकवर ताडपत्री टाका, एवढं तरी कराच.

खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या ठेवू नका, पावसाळ्यात पाणी भरते अन् पोरं पोहायला उतरते. पायऱ्या पाडा, एका बाजूला तरी लांब उतार द्या, म्हणजे गुरं पडली तरी वर येते. सगळा खड्डा बुजवायचाच असं काही नाही, पाणी टिकत असेल तर तळं राहू द्या, काठावर तारेचं कुंपण करा.

बाकी जागेवर आधी टाकाऊ मुरूम, मग एखादा फूट माती. उतारावर वाळा लावा, सपाटीवर करंज, कडुनिंब, सीताफळ, बांबू. सुबाभूळ लवकर वाढते पण सगळीकडं पसरते, माझ्या मते नकोच. खड्डे मे मध्येच खणा, रोपं जूनचा चांगला पाऊस झाल्यावर लावा, अन् पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी द्या, आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते.