पुस्तक आत आहे का, हे वाचकाला फोनवर कळावे: ठाण्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झाले. त्या काळात नौपाड्यातला किंवा खारकर आळीतला वाचक पायीच ग्रंथालयात पोचायचा. हवे ते पुस्तक मिळाले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. आज तोच सभासद कासारवडवलीला राहायला गेलेला असतो. घोडबंदर रोडची गर्दी पार करून तो येतो आणि पुस्तक बाहेर गेल्याचे कळते. असे दोन-तीनदा झाले की वर्गणी भरणेच थांबते. म्हणून ग्रंथालयाने मोबाइलवर पहिली सेवा द्यायची ती एवढीच: पुस्तक आहे का, आत आहे का, आणि माझ्यासाठी बाजूला ठेवाल का, या तीन प्रश्नांची उत्तरे वाचक घरातून निघण्याआधी मिळाली पाहिजेत. बाकी सगळे त्यानंतर.

स्वतःचे ॲप बनवून घेऊ नका. बनवणारा एकदाच पैसे घेतो, पण अँड्रॉइडची आवृत्ती बदलली की दुरुस्तीचा खर्च दरवर्षी येतो. शिवाय सत्तरीच्या सभासदाला नवे ॲप उतरवायला लावणे हेच मोठे काम होऊन बसते. सभासदाच्या फोनमध्ये आधीपासून जे आहे, त्यावरच सेवा उभी करावी.

यादी आधी, फोन नंतर

खरे कष्ट यादीत आहेत. दाखल नोंदवहीतल्या (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या वहीतल्या) क्रमांक १ पासून संगणकात नोंदी करायला बसू नका. दिवसाला ४० पुस्तके धरली तरी १० हजार पुस्तकांना २५० कामाचे दिवस लागतात, आणि पहिले कित्येक महिने कोणीच मागत नाही अशा जुन्या पुस्तकांवर खर्च होतात. त्याऐवजी देवघेवीच्या टेबलावर परत आलेले प्रत्येक पुस्तक कपाटात जाण्यापूर्वी नोंदवावे, त्याला लेबल लावावे आणि मगच जागेवर ठेवावे. फिरती पुस्तके अशा रीतीने आपोआप आधी येतात. कपाटात राहिलेली पुस्तके वार्षिक मोजणीच्या वेळी घ्यावीत.

प्रत्येक पुस्तकासाठी इतके रकाने पुरेत: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, रोमन लिपीतले शीर्षक, विषय, कपाट क्रमांक, आत की बाहेर, परतीची तारीख. रोमन लिपीचा रकाना अनावश्यक वाटेल, पण फोनवर शोधणारे निम्मेअधिक वाचक मराठी शीर्षक इंग्रजी अक्षरांतच लिहिणार हे धरून चालावे. लेखकाचे नाव एकाच रूपात हवे. ह. ना. आपटे, हरि नारायण आपटे आणि हरिभाऊ आपटे अशा तीन रूपांत नोंदी झाल्या तर एका शोधात तिसरा हिस्साच सापडतो. एक रूप ठरवून बाकीची रूपे ‘इतर नावे’ अशा वेगळ्या रकान्यात टाकावीत.

पूर्वी संगणकावर केलेली यादी असेल तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आहे का हे आधी बघा. त्यातल्या चार ओळी कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. फोनवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसला तर यादी श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टंकित झालेली आहे. ती युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढावी लागेल, आणि परिवर्तनानंतर तीन जागा हटकून तपासाव्या लागतील: ऱ्हस्व वेलांटी पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकणे, रफार चुकीच्या अक्षरावर बसणे, आणि जोडाक्षरे फुटणे.

युनिकोडमध्येही एक छुपी अडचण आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चेही तसेच. यादीत पुस्तक असून शोधात सापडत नाही अशी तक्रार आली की आधी हेच बघावे. एक पद्धत ठरवून ‘शोधा आणि बदला’ने सगळी यादी एकसारखी करून घ्यावी.

संग्रह पाच-सात हजारांपर्यंत असेल तर गूगल शीट चालते. त्याहून मोठा असेल तर शीट फोनवर उघडायलाच वेळ लागतो. तिथे कोहा किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय हे ग्रंथालयांसाठीचे सॉफ्टवेअर घ्यावे. कोहा मुक्त स्रोत आहे, त्याची वाचक-सूची फोनच्या पडद्यावर नीट बसते आणि सभासद स्वतः आरक्षण व नूतनीकरण करू शकतो. सर्व्हर मात्र कोणाकडून तरी सांभाळून घ्यावा लागतो. करार करताना एक अट लेखी घाला: आपल्या सर्व नोंदी मार्क-२१ (ग्रंथालयांच्या नोंदींचे प्रमाणित) स्वरूपात, मागताक्षणी, वेगळे पैसे न घेता मिळतील. ही अट नसेल तर पुरवठादार बदलताना सगळी यादी पुन्हा टंकायची पाळी येते.

शीट वापरणार असाल तर वाचकांना दाखवायची फाइल पूर्णपणे वेगळी ठेवा. देवघेवीच्या फाइलमध्ये पुस्तक कोणाकडे आहे हाही रकाना असतो; तो लपवून तीच फाइल सगळ्यांना देणे धोक्याचे आहे, कारण फाइलची प्रत काढली की लपवलेला रकाना उघडता येतो. कोण काय वाचतो ही ग्रंथालयाकडे विश्वासाने दिलेली माहिती आहे. ती बाहेर जाता कामा नये.

लेबल आणि स्कॅनर

दाखल क्रमांक सहा आकडी करावा, पुढे शून्ये लावून. बारकोड ‘कोड १२८’ प्रकारचा ठेवा. ए-४ कागदावर ६५ लेबले बसणारे तयार संच स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. एक लेबल साधारण ३८ बाय २१ मिलिमीटर असते आणि सहा आकड्यांना ते पुरते. छपाई लेझर प्रिंटरवरच करा. इंकजेटची शाई ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत पसरते आणि रेघा एकमेकींत मिसळल्या की स्कॅनर गप्प बसतो. लेबल मलपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात लावावे, म्हणजे पुस्तक न उघडता स्कॅन होते. तोच क्रमांक आत शीर्षकपृष्ठावर हाताने लिहिलेला असू द्या, कारण बांधणीला गेलेले पुस्तक नव्या पुठ्ठ्यात परत येते आणि लेबल गायब असते.

नवी पुस्तके फोनच्या कॅमेऱ्याने आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) वाचून नोंदवता येतील असे वाटते, पण मराठी पुस्तकांबाबत त्यावर विसंबू नये. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच, १३ आकडी क्रमांक २००७ पासून आले, आणि क्रमांक असला तरी अनेक मराठी शीर्षके इंटरनेटवरच्या सूचींमध्ये सापडत नाहीत किंवा चुकीच्या रोमन लेखनात सापडतात. हाताने टंकण्याची तयारी ठेवावी.

सभासदपत्र फोनवर द्यायचे असेल तर स्कॅनर विकत घेताना काळजी घ्या. स्वस्त लेझर स्कॅनर कागदावरचा बारकोड उत्तम वाचतो, फोनच्या पडद्यावरचा वाचत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यासारखा चित्र टिपणारा, क्यूआर वाचणारा स्कॅनर लागतो. दुकानात पैसे देण्याआधी स्वतःच्या फोनवरचा बारकोड वाचून दाखवायला सांगा.

व्हॉट्सॲपची मांडणी

सिम संस्थेच्या नावावर घ्या, ग्रंथपालाच्या किंवा एखाद्या पदाधिकाऱ्याच्या नावावर नको. माणूस बदलला की क्रमांकही जातो आणि सभासदांनी जतन केलेला दुवा तुटतो. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा; ते मोफत आहे. दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन लगेच लावा आणि बंद पाकिटात कार्यवाहांकडे ठेवा. मुख्य फोनला चार उपकरणे जोडता येतात, म्हणजे देवघेवीचा संगणक आणि बालविभागाचा संगणक एकाच क्रमांकावर उत्तर देऊ शकतात. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणे बाहेर पडतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर ‘व्हॉट्सॲप बंद पडले’ म्हणतात ते बहुतेक हेच.

व्हॉट्सॲपमधल्या संभाषणांना लावायची लेबल्स चार पुरेत: विचारणा, राखीव, मुदतवाढ, वर्गणी. तयार उत्तरांमध्ये ही वाक्ये साठवा: ‘पुस्तक आत आहे, दोन दिवस राखून ठेवतो’, ‘पुस्तक बाहेर आहे, अमुक तारखेला परत येणे अपेक्षित आहे, नाव नोंदवू का?’, ‘हे पुस्तक आमच्याकडे नाही’. बंद वेळेतल्या आपोआप संदेशात ग्रंथालयाची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी लिहावी.

राखीव पुस्तकाची शिस्त मोडली की सगळी सेवा मोडते. देवघेवीच्या मागे एक फळी फक्त राखीव पुस्तकांसाठी ठेवा. पुस्तकात एक चिठ्ठी घाला. तिच्यावर सभासद क्रमांक आणि राखण्याची शेवटची तारीख असावी, नाव नको. मुदत दोन दिवसांची ठीक. फोर्टहून लोकलने परतणारा माणूस ठाणे स्टेशनला साडेआठ-नऊला उतरतो आणि तोवर बहुतेक ग्रंथालये बंद झालेली असतात, म्हणून एकाच दिवसाची मुदत त्याच्या उपयोगाची नाही. जमत असेल तर आठवड्यातून एक दिवस राखीव पुस्तके देण्यापुरती खिडकी उशिरापर्यंत उघडी ठेवा.

सभासदांचा व्हॉट्सॲप गट काढू नका. गटात प्रत्येकाचा क्रमांक सगळ्यांना दिसतो. स्त्री सभासदांना याचा त्रास होतो आणि तो योग्य कारणाने होतो. नव्या पुस्तकांची माहिती द्यायला व्हॉट्सॲप चॅनेल वापरा, तिथे एका सभासदाचा क्रमांक दुसऱ्या सभासदाला दिसत नाही. प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये) २५६ जण बसतात, पण ज्यांनी ग्रंथालयाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला नाही त्यांना तो संदेश पोचतच नाही. म्हणून सभासदत्व देतानाच टेबलावर क्रमांक जतन करून घ्यावा. आणि रोज शुभ सकाळ पाठवू नये. लोक तक्रार नोंदवतात आणि क्रमांकावर बंदी येऊ शकते.

मुदतीची आठवण

साधा फोन वापरणाऱ्यांसाठी एसएमएस लागतोच. एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार डीएलटी या नोंदणी-व्यासपीठावर संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि संदेशाच्या मजकुराची नोंदणी करावी लागते. मजकूर नोंदणीपेक्षा वेगळा गेला, अगदी एखादा शब्द बदलला, तरी संदेश अडतो. सभासद दोन-तीनशे असतील तर या खटाटोपात पडू नये. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप नाही अशा मोजक्यांना सरळ फोन करावा.

मराठी एसएमएस ७० चिन्हांचा असतो, रोमन लिपीतला १६०चा. आणि मोजणी डोळ्यांनी दिसणाऱ्या अक्षरांची होत नाही: काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जाते. ‘स्त्री’ हे एक अक्षर सहा चिन्हे खाते. ‘आपले पुस्तक १४ जूनपर्यंत परत करावे. मुदतवाढीस फोन करा. ग्रंथालय’ हा मजकूर ६३ चिन्हांत बसतो. ७०च्या पुढे एक चिन्ह गेले की दोन संदेशांचे पैसे लागतात. पुस्तकाचे नाव संदेशात घालू नका. जागाही जाते आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडू नये असे पुस्तकही असू शकते. आठवण मुदतीच्या दोन दिवस आधी जावी. नंतर गेलेली आठवण दंडाची नोटीस वाटते.

पैसे

यूपीआयचा क्यूआर संस्थेच्या बँक खात्याचाच हवा. खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यावर वर्गणी घेतली तर लेखापरीक्षणात त्याचा हिशेब लावताना दमछाक होते. पैसे आल्याची खात्री सभासदाच्या फोनवरच्या चित्रावरून करू नका, तसे चित्र बनवता येते. आपल्या खात्यावर जमा दिसले किंवा ध्वनिपेटीने (साउंडबॉक्सने) सांगितले की मगच पावती. पावतीवर व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक लिहावा. अनामत आणि वर्गणी एकाच व्यवहारात घेऊ नयेत. अनामत परत द्यायची रक्कम आहे, आणि पाच वर्षांनी ती शोधताना वेगळी नोंदच कामी येते.

संमती आणि स्वामित्वहक्क

वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. सभासद अर्जात स्वच्छ मराठीत लिहावे की मोबाइल क्रमांक फक्त पुस्तकांच्या आणि वर्गणीच्या निरोपांसाठी वापरला जाईल, आणि खाली वेगळी सही घ्यावी. १८ वर्षांखालील सभासदाच्या बाबतीत संमती पालकाची, क्रमांकही पालकाचाच.

‘याची पीडीएफ पाठवा ना’ ही मागणी रोज येईल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. १९१९ साली वारलेल्या ह. ना. आपट्यांचे लेखन त्यामुळे मोकळे आहे. हयात लेखकाच्या पुस्तकाची स्कॅन केलेली फाइल पुढे पाठवणे म्हणजे मराठी लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या पोटावर पाय देणे आहे, आणि ते ग्रंथालयाने तरी करू नये. त्याऐवजी कायदेशीर मोफत स्रोतांचा एक क्यूआर वाचनकक्षात लावा: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची ई-पुस्तके, मराठी विश्वकोश, आणि आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. स्पर्धा परीक्षांची मुले या शेवटच्या स्रोतावर मनापासून बसतात.

ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एक ठरलेला तास ठेवा. शिकवायचे तीनच: अक्षर मोठे करणे, कीबोर्डच्या माइकवर मराठीत बोलून लिहिणे, आणि ग्रंथालयाला आवाजी निरोप पाठवणे. आवाजी निरोपातून आलेली मागणी ऐकणाऱ्याने लगेच लिहून काढावी, नाहीतर ती गप्पांच्या ढिगात हरवते.

दर महिन्याच्या एक तारखेला यादीची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, फोनचे रिचार्ज तपासा, आणि राखीव फळीवरची मुदत संपलेली पुस्तके कपाटात परत लावून यादीत ‘आत’ करा. हे तिसरे काम चुकले की वाचकाला फोनवर चुकीचे उत्तर जाते.