टाकीतले मासे अचानक बिथरले तर कारण कसं शोधावं?

कालपर्यंत काचेपाशी येऊन खाणं मागणारे मासे आज कोपऱ्यात दडलेले असतात. कुणी जवळ गेलं की सैरावैरा धावतात, काचेवर आपटतात, पोहायचे पर अंगाला चिकटवून बसतात, रंगही फिका पडलेला दिसतो. अशा वेळी बहुतेक जण दुकानातून निळं औषध आणून ओततात, नाहीतर सगळी टाकी रिकामी करून घासून काढतात. दोन्हींमुळे कारणाचा माग पुसला जातो आणि मासे आणखी खचतात.

मासा उगाच बिथरत नाही, त्याच्या भोवतालचं काहीतरी बदललेलं असतं. कोकणात हा बदल पुष्कळदा ऋतूबरोबर येतो. मिरगाच्या पावसात विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) पडते, वीज जाते, थंडीत कलमांवर फवारणी होते, शिमग्याला खळ्यात ढोल वाजतो. म्हणून कारण शोधताना टाकीइतकंच घराबाहेरही बघा.

आधी दहा मिनिटं नुसतं बघा

टाकीचा दिवा बंद करा, खाद्य टाकू नका, हात घालू नका. चार-पाच हात लांब बसा आणि मासे कसे वागतात ते पाहा. सगळेच पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर संशय पाण्यावर. श्वास नेहमीसारखा आहे पण मध्येच सगळे एकदम दचकतात, तर आवाज, उजेड किंवा सावली. अंगाला झटके येतात, तोल जातो, वेडंवाकडं पोहतात, तर विषारी फवारा किंवा पाण्यात उतरलेला करंट. एकटाच दडलाय आणि बाकीचे मजेत आहेत, तर दांडगाई किंवा आजार. अंदाज काहीही निघो, पाणी मात्र तपासायचंच, कारण त्यातला बिघाड काही तासांत जीव घेऊ शकतो.

पाण्याची तपासणी

अमोनिया, नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषं) आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते) मोजणारं किट घरात असू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. थोडेही दिसले तर पाव टाकी पाणी बदला, मात्र पीएच सहाच्या खाली असेल तर खाली सांगितल्याप्रमाणे थोडं थोडंच. नवं पाणी जुन्याइतक्याच तापमानाचं असावं आणि हळूहळू सोडावं.

मग विचार करा, शेवटचं पाणी कधी आणि कुठून भरलं? पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत आणि नळयोजनेच्या टाकीत टीसीएल पावडर टाकते. माणसांसाठी ती हवीच, पण त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले भाजतो. पाणी बदलल्यावर तासाभरात मासे बिथरले, तर आधी हेच धरा. गावातल्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं औषध असतं. पाण्याच्या नमुन्यात ते टाकल्यावर पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं हायपो (क्लोरीन मारणारं औषध) बाटलीवरच्या प्रमाणात घाला आणि हवेचे बुडबुडे वाढवा. पुढच्या वेळी पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेवून, शक्यतो एअर पंप लावून, मगच वापरा.

कोकणातली दुसरी गोम जांभ्याची आहे. जांभ्यातून येणारं पाणी बहुधा मऊ असतं, त्यात आम्ल जिरवणारे क्षार कमी असतात. टाकीतले जीवाणू माशांची घाण पचवताना आम्ल तयार करतात, आणि महिनोन्महिने पाणी न बदललेल्या टाकीत पीएच गुपचूप सहाच्याही खाली उतरतो. तिथे हे जीवाणू मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो. आम्लधर्मी पाण्यात त्याचा बराचसा भाग कमी विषारी रूपात असतो, त्यामुळे मासे कसेबसे तग धरतात. मग एके दिवशी आपण स्वच्छतेच्या उत्साहात निम्म्याहून जास्त पाणी बदलतो, पीएच एकदम चढतो, तोच अमोनिया विषारी होतो आणि पाणी स्वच्छ दिसत असतानाच मासे उधळतात. म्हणून जुन्या टाकीचा पीएच आधी मोजा. कमी असेल तर रोज थोडं, दहावा हिस्सा, असं पाणी बदलत जा. तिसऱ्यांचे शिंपले उकळून, मांसाचा कणही राहणार नाही असे घासून, जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवले तर पीएच सावकाश स्थिरावतो. गप्पी, मॉली, गोल्डफिशना हे मानवतं. निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांच्या टाकीत मात्र शिंपले घालू नका.

पाणी तापलं तरी मासे अस्वस्थ होतात. गोड्या पाण्यात २५ अंशाला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशाला सुमारे ७.३. मे महिन्यात पत्र्याच्या पडवीतल्या टाकीत ही तूट जाणवते. एअर पंप रात्रीही चालू ठेवा.

वीज गेली होती का?

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात चार-सहा तास वीज जाणं नवं नाही. फिल्टरमधल्या जीवाणूंना प्राणवायू लागतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तासांतच तो संपतो, आतला मळ कुजतो, आणि वीज आल्यावर ते सडकं पाणी थेट टाकीत येतं. मासे वीज आल्यानंतर बिथरले असतील तर इथेच बघा. बराच वेळ वीज गेली की फिल्टरचा प्लग काढून ठेवा, आणि चालू करण्याआधी आतलं पाणी ओतून स्पंज टाकीतल्याच पाण्यात खळबळा. नळाच्या पाण्याने धुतलात तर उरलेले जीवाणूही जातील. वीज नसताना बॅटरीवरचा एअर पंप लावा. तो नसेल तर टाकीतलंच पाणी तांब्याने वरून ओतत राहा.

फवारा, कॉइल, लिक्विड

या कारणाकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं असं मला वाटतं. हापूसच्या कलमांना पालवी आणि मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात. त्यातली डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधं. डासांच्या कॉइल आणि लिक्विडमध्येही याच गटातलं औषध असतं. माणसाला ती फारशी बाधत नसली तरी माशांना अत्यंत विषारी आहेत. आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

बागेत फवारणी असेल त्या दिवशी त्या बाजूच्या खिडक्या लावा, टाकी झाका, पंप आतल्या खोलीत ठेवून लांब नळी जोडा. फवारणीचं मिश्रण केलेली बादली किंवा पिंप टाकीसाठी कधीच वापरू नका, कितीही धुतलेलं असलं तरी. मासे झटके देत असतील तर वाट न बघता निम्मं पाणी बदला आणि फिल्टरमध्ये विष शोषणारा नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला. आधी सांगितलेल्या कमी पीएचच्या जुन्या टाकीत एवढं पाणी एकदम बदलणं धोक्याचं असतं, पण फवाऱ्याची खात्री असेल तर पत्करा.

करंट उतरलाय का?

खाऱ्या दमट हवेत पिना आणि बोर्ड लवकर गंजतात, आणि कोरड्या जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. सबमर्सिबल पंपाच्या किंवा हीटरच्या वायरीला चीर गेली तर पाण्यात करंट उतरतो. पाण्यात बोट घालून बघू नका. एकेक उपकरण भिंतीवरच्या बटणापासून बंद करा आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटं मासे बघा. एखादं बंद करताच ते शांत झाले तर ते उपकरण टाकून द्या, दुरुस्त करू नका. घराच्या बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. तो आधी माणसांसाठी हवा.

आवाज, उजेड, सावल्या

गोल्डफिश, कोई, बार्ब, टेट्रा यांच्यात हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना फार चांगलं ऐकू येतं. गप्पी, मॉली, एंजल यांना ही सोय नाही. एकाच टाकीत टेट्रा भेदरलेत आणि गप्पी निवांत आहेत, तर मी आवाजाचा शोध घेतो: शेजारची बोअर, इन्व्हर्टरची घरघर, त्याच टेबलावरचा स्पीकर. पालखी दारात येते त्या दिवशी टाकीवर चादर टाका, टाकीखाली थर्माकोलची शीट कायमची असू द्या.

माशांना पापण्या नसतात, म्हणून अंधाऱ्या खोलीत टाकीचा दिवा एकदम लावू नका. आधी खोलीतला लावा, पंधरा मिनिटांनी टाकीचा. ओट्यावर उघडी टाकी असेल तर खंड्या, मांजर आणि पावसाळ्यात दिवड यांच्यासाठी जाळी हवीच.

सोबती आणि आजार

कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवलं की काही माशांची कातडी फाटली की तिच्यातून पाण्यात एक द्रव्य मिसळतं आणि सगळा थवा घाबरतो. कार्प, टेट्रा, मांगूर यांच्या गटात हे दिसतं. म्हणून सगळे भेदरले असले तरी जखमी मासा एखादाच असू शकतो. फाटलेलं शेपूट, निघालेले खवले शोधा, त्याला वेगळं ठेवा आणि थोडं पाणी बदला. दांडगाई पुष्कळदा रात्री चालते, तेव्हा दिवा गेल्यावर तासाभराने मंद टॉर्चने बघा. अंडी राखणारी जोडी असेल तर तिला जाळीने अलग करा.

दगडावर अंग घासणं, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, हे पांढऱ्या डागांच्या रोगाचं लक्षण. वरचं सगळं तपासून झालं, पाणी ठीक निघालं आणि अशी खूण दिसली, तरच औषध आणा, एका वेळी एकच. तोवर खाद्य एक दिवस बंद. दुसऱ्या दिवशी चिमूटभर टाका. मासे वर येऊन खाऊ लागले तर नेहमीच्या मापाकडे तीन-चार दिवसांत जा. दाणे तळाशी पडून राहिले तर ते नळीने ओढून काढा आणि अमोनिया पुन्हा मोजा.