इंडेक्स फ्युचर्समध्ये पोझिशन साइझ ठरवताना या चुका टाळा

किती लॉट (म्हणजे कॉन्ट्रॅक्ट) घ्यायचे, याचं उत्तर बहुतेक नवे ट्रेडर मार्जिनच्या रकान्यात शोधतात. खात्यात इतके पैसे, एका कॉन्ट्रॅक्टला इतकं मार्जिन, म्हणजे चार बसतात; घेतले चार! पुढचा बराचसा गोंधळ याच भागाकारातून सुरू होतो. मार्जिन ही एक्सचेंज आणि ब्रोकर यांनी स्वतःच्या सुरक्षेसाठी मागितलेली अनामत असते. तुम्हाला किती तोटा झेपेल, हे ती सांगत नाही. त्यातही दिवसापुरत्या सौद्याला काही ब्रोकर फारच कमी मार्जिन मागतात. ती सवलत आहे असं समजून लोक खूश होतात, ते मला तरी कधी कळलेलं नाही.

ई-मिनी एस अँड पी ५०० हा अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकावरचा फ्युचर्स कॉन्ट्रॅक्ट. त्याचा गुणक, म्हणजे निर्देशांकाच्या एका पॉइंटची किंमत, ५० डॉलर आहे. निर्देशांक ६,००० वर आहे असं धरलं, तर एक कॉन्ट्रॅक्ट ३ लाख डॉलरचा झाला. खात्यात ५०,००० डॉलर असतील, तर एकाच कॉन्ट्रॅक्टमध्ये तुम्ही भांडवलाच्या सहापट पोझिशन उचललेली असते. निर्देशांक १ टक्का घसरला की ३,००० डॉलर, म्हणजे खात्याचे ६ टक्के गेले. आणि १ टक्क्याची घसरण म्हणजे काही मोठी पडझड नव्हे.

म्हणून हिशेब तोट्याच्या बाजूने सुरू करायचा. एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्का तोटा चालेल असं ठरवलं, तर हाती आले ५०० डॉलर. चार्टनुसार स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला जिथे बाहेर पडायचं तो भाव, २० पॉइंट लांब बसतो. २० गुणिले ५० म्हणजे १,००० डॉलर. ५०० भागिले १,०००, उत्तर अर्धा कॉन्ट्रॅक्ट. अर्धा मिळत नाही, तेव्हा खरं उत्तर शून्य.

हे शून्य कोणाला पचत नाही. मग स्टॉपलॉस १० पॉइंटवर ओढला जातो, गणित कागदावर जुळतं आणि सौदा होतो. पण ६,००० च्या पातळीवर १० पॉइंट म्हणजे जेमतेम ०.१७ टक्का, तेवढी हालचाल बाजार कोणत्याही कारणाविना करतो. स्टॉपलॉसची जागा चार्ट ठरवतो, लॉटची संख्या तुमचं भांडवल. हा क्रम उलटा करू नका. इथे मायक्रो ई-मिनी, म्हणजे त्याच निर्देशांकाचा एक दशांश आकाराचा कॉन्ट्रॅक्ट, कामाला येतो. गुणक ५ डॉलर, २० पॉइंटला १०० डॉलर, म्हणजे पाच कॉन्ट्रॅक्ट. एक मायक्रोही बसत नसेल, तर सौदा सोडून द्यायचा.

आता सौद्यांची वही उघडा आणि दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहा.

स्टॉपलॉस लागतो आणि लगेच भाव तुमच्या दिशेने पळतो, असं वारंवार होतंय? बहुधा अंदाज बरोबर आहे, साइझ मोठी आहे आणि ती बसवायला स्टॉपलॉस आवळलेला आहे. लॉट कमी करा, अंतर वाढवा. अस्थिरता वाढल्यावरही तेच लॉट चालू ठेवले तर हीच तक्रार येते. एटीआर (भाव ठरावीक काळात सरासरी किती हलतो त्याचं माप) दुप्पट झाला की स्टॉपलॉसचं अंतर साधारण दुप्पट होतं, म्हणून लॉट निम्मे हवेत.

दहापैकी सहा सौदे फायद्यात, तरी खातं खाली? प्रत्येक सौद्याशेजारी लॉटची संख्या लिहा. तोट्याच्या सौद्यांत ती फुगलेली दिसली, तर ॲव्हरेजिंग (तोट्यातल्या पोझिशनमध्ये भर घालत जाणं) किंवा तोटा भरून काढण्याची घाई नडते आहे.

एस अँड पी ५०० आणि नॅस्डॅक १०० दोन्हींत तेजी करून जोखीम विभागली असं वाटतंय? घसरणीच्या दिवशी दोन्ही एकत्रच पडतात. ती एकच पोझिशन धरा आणि १ टक्का दोघांत मिळून वापरा.

तोटा ठरवल्यापेक्षा मोठा येतो, ही तक्रार मात्र जरा सविस्तर पाहायला हवी. साधा स्टॉपलॉस ट्रिगर झाला की मार्केट ऑर्डर होतो. भावाची हमी कोणी देत नाही. वेगवान बाजारात स्लिपेज (ठरवल्यापेक्षा वाईट भाव मिळणं) होतंच आणि गॅप पडला, म्हणजे मधले भाव वगळून बाजार थेट खाली उघडला, तर स्टॉपलॉस खूप खालच्या भावाला निघतो. स्टॉप-लिमिट (ठरवलेल्या भावापेक्षा वाईट भावाला न निघणारा स्टॉपलॉस) लावला तर भाव हुकून पोझिशन गळ्यात राहू शकते. मार्च २०२० मध्ये एस अँड पी फ्युचर्स रात्रीच्या सत्रात ५ टक्क्यांच्या खालच्या मर्यादेवर अडकले होते. त्याखाली सौदेच होत नव्हते, त्यामुळे विकणाऱ्यांना वाट पाहावी लागली. १९ ऑक्टोबर १९८७ ला तर डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के कोसळला होता. रात्रभर पोझिशन कॅरी करायची असेल, तर स्टॉपलॉसच्या अंतरावर विसंबू नका. निर्देशांक ५ टक्के खाली उघडला तर खात्यात काय उरेल, ते आधी मोजा.

१ टक्का फारच कमी वाटतोय? सलग दहा तोटे झाले तर दर वेळी १ टक्का गमावणाऱ्याचं खातं साडेनऊ टक्क्यांच्या आसपास घटतं. ५ टक्के लावणाऱ्याचं ४० टक्के घटतं, आणि तिथून मूळ पातळीवर यायला ६७ टक्के कमवावे लागतात.

टक्का नेहमी सध्याच्या शिलकीवर काढा, सुरुवातीच्या भांडवलावर नाही. ५०,००० चे ४४,००० झाले, तर एका सौद्यातली मर्यादा ४४० डॉलर. वरच्या उदाहरणात भागाकार ४.४ येतो. तेव्हा मायक्रो चारच घ्यायचे.