स्लिंगच्या ताणाचा हिशोब करताना या चुका टाळा

एक टनाचा गिअरबॉक्स, दोन पायांचं स्लिंग (क्रेनच्या हुकाला माल टांगायचा दोर किंवा साखळी; हुकापासून मालापर्यंतचा एकेक दोर म्हणजे पाय). म्हणजे एका पायावर 500 किलो? दोन्ही पाय अगदी सरळ उभे असतील तरच. सदिशांची बेरीज साध्या आकड्यांसारखी होत नाही, हे अकरावीत घोकलेलं क्रेनखाली नेमकं आठवत नाही.

वजन पेलतो तो ताणाचा उभा घटक. पाय आडव्याशी 60 अंशांत असेल तर ताण 577 किलो, 45 ला 707 आणि 30 ला पूर्ण 1000. अख्ख्या गिअरबॉक्सचं वजन एकेका पायावर! आडवे घटक एकमेकांना खोडतात म्हणून ते सोडून देणं ही पुढची चूक. खोडतात खरे, पण मालाला दोन्हीकडून आत दाबून. 30 अंशांत हा दाब 866 किलो असतो. पत्र्याची पेटी चेपते, आयबोल्ट (मालावरचा कडीचा बोल्ट) वाकतो.

सगळ्यात धोकादायक म्हणजे कोन कुठून मोजलाय हे न विचारणं. काही तक्ते आडव्यापासून मोजतात, काही उभ्या रेषेपासून. ‘उभ्याला साइन’ एवढंच पाठ असलेल्याची इथे दांडी उडते. आडव्यापासूनचे 30 अंश उभ्या रेषेच्या तक्त्यात पाहिले, तर 1000 च्या जागी 577 वाचून मोकळे.

मी स्वतः फसलो तो कॅल्क्युलेटरमुळे. साइन 45 ने 500 ला भागलं, उत्तर 588. पटण्यासारखा आकडा, म्हणून कुणी हटकलंही नाही. हवं होतं 707. कॅल्क्युलेटर अंशांवर नाही, रेडियनवर (कोनाचं दुसरं एकक) होता. 30 टाकले असते तर उत्तर उणे आलं असतं आणि तिथेच पकडलं असतं. एक्सेलही कोन रेडियनमध्येच धरतं, बरं का.

माल एका बाजूला जड असेल, तर दोन पायांचा ताण सारखा धरू नका. चार पायांचं स्लिंग असलं तरी हिशोब दोनच पायांचा करा. कडक मालावर चौघं सारखा भार घेत नाहीत.

आणि खरं तर कोन मोजायचीच गरज नाही. टेप घ्या. पायाची लांबी भागिले मालावरच्या कड्यांपासून हुकाची उंची, गुणिले अर्धं वजन. पाय 2 मीटर, उंची 1 मीटर, म्हणजे ताण 1000 किलो. त्याच कड्यांना 3 मीटरचे पाय लावले की तो 612 वर येतो. फक्त हुक आता कड्यांपासून जवळपास अडीच मीटर उंचीवर जाईल. छताखाली तेवढी जागा आहे का ते आधी बघा.